चंद्राला ओवाळणार नाही

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत नवरा जिवंत असेपर्यंतची. तो मेल्यावर बाईनं नाव घेतलं काय आणि न घेतलं काय, कुणी अडवत नाही. म्हणून मी खुशाल घेते: विठ्ठलराव. हे विठ्ठलराव ज्या दिवशी मेले, त्या दिवशी ते बंगळुरातल्याच वेड्यांच्या इस्पितळात उपीट खात बसले होते. आदल्या गुरुवारी मी भेटूनही आले होते. "घरी लिंबाचं लोणचं उरलंय का?" असं त्यांनी मला विचारलं होतं.

त्यांना मारलं माझ्या सासऱ्यांनी. गुंडूराव म्हणजे सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून पेन्शनीत आलेले गृहस्थ. चामराजपेटेत आपल्या लोकांत त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी मुलाला हातानं नाही मारलं, तोंडानं मारलं. विठ्ठल श्रीरंगपट्टणाला संगमावर स्नानाला गेला आणि कावेरीत वाहून गेला, असं त्यांनी चार माणसांत सांगितलं. प्रेत सापडलं नाही म्हणाले. नव्हतंच, तर सापडणार कुठून? प्रेत नसलं की शास्त्रात पालाशविधी आहे. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. आचार्यांनी सगळं श्रद्धेनं केलं, त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! सासूबाई, तुंगाबाई, ऊर बडवून रडल्या. मला वाटतं, त्या खऱ्याच रडत होत्या. मग माझ्या बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं गेलं, आणि मी पळसाच्या पानांच्या नवऱ्याची विधवा झाले.

हा सगळा खटाटोप कल्पनासाठी. कल्पना म्हणजे माझी नणंद, यांच्या पाठची एकुलती एक बहीण. तिचं लग्न व्हायचं होतं. ज्या घरात वेडा आहे त्या घरातली मुलगी कोण करणार? पण ज्या घरातला मुलगा नदीत वाहून गेला, त्या घराबद्दल लोक हळहळतात आणि मुलगी करतात. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं मामंजी मला म्हणाले. मूठ त्यांची होती. तिच्यात कोंडले गेलो ते आम्ही.

यांचं दुखणं एकदम आलं नव्हतं. हे विमानाच्या कारखान्यात नकाशे काढायचे. हात असा सरळ की पट्टी नको. मग रेडिओवरच्या बातम्या आपल्यालाच उद्देशून आहेत असं म्हणू लागले. चुलत्यांच्या तेराव्याला पंगतीत बसून खदाखदा हसले. मग जेवण बंद, बोलणं बंद, आणि एके दिवशी कारखान्याच्या फाटकापाशी कपडे काढून उभे राहिले. आधी मठाचा अंगारा झाला, मग शिवाजीनगरच्या एका बाबाचा ताईत झाला, आणि सगळं हरल्यावर इस्पितळ.

घरात तेव्हापासून सगळ्यांची नजर कल्पनावर. यांना घरात अण्णा म्हणायचे. ती गप्प बसली की सासूबाई हातचं काम टाकून तिच्याकडे बघायच्या: अण्णा असाच गप्प बसायचा. ती हसली की त्या पानावरून उठायच्या: अण्णा असाच हसायचा. रस्त्यानं जाताना तिनं दोनदा मागं वळून पाहिलं तर घरी आल्यावर चौकशी. ती पोर तरी काय करणार! चार माणसं हसली की हसायची, बायका रडू लागल्या की पदर डोळ्याला लावायची. आपल्या मनात काय आहे हे पाहायच्या आधी दुसऱ्याच्या तोंडावर काय आहे ते पाहायचं, अशी तिला सवय लागली. त्या सवयीनं तिचे डोळे इतके तयार झाले की मी उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आत ती विचारायची, "वहिनी, वाटेत कोण भेटलं? काय बोललं?"

इस्पितळात आम्ही दोघी गुरुवारी जायचो. घरात सांगायचं मठात चाललो. गुरुवारी मठात जाणाऱ्या विधवेला कोण अडवतं? मामंजींना सगळं ठाऊक होतं, पण आपण विचारलं नाही तर आपल्याला ठाऊक नाही, असा त्यांचा हिशेब होता.

तिथं डॉक्टर प्रभू म्हणून होते, मंगळूरकडचे. आमच्याशी कोकणीत बोलायचे, आम्ही मराठीत उत्तर द्यायचो, भागायचं. वेड्यांच्या भावंडांना तपासायचं त्यांचं काम चाललं होतं. दुखणं घराण्यात कसं उतरतं, कुणात उतरतं, आणि उतरायच्या आधी काही खूण दिसते का, हे त्यांना पाहायचं होतं. ते कल्पनाला आकडे सांगायचे आणि उलटे म्हणायला लावायचे. शब्द सांगायचे, मधे भलतंच काही विचारायचे, आणि मग ते शब्द पुन्हा मागायचे. कल्पना घडाघडा म्हणायची. मग ते फोटो पुढं ठेवायचे, नुसते चेहऱ्यांचे, आणि विचारायचे: या माणसाला काय वाटतंय?

एका बाईचा हसरा फोटो होता. मी म्हणाले, आनंदी आहे. कल्पना म्हणाली, "नाही डॉक्टर. तिला कुणीतरी हस म्हणून सांगितलंय. ती घाबरलीय."

प्रभूंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. तो फोटो त्यांच्याच इस्पितळातल्या एका बाईचा होता, फोटोवाल्यानं हस म्हणून सांगितलेला. माझे निम्मे चेहरे चुकले. "तुमचं चालतं," डॉक्टर हसून म्हणाले, "तुम्ही त्या रक्ताच्या नाही." शहाण्यासुरत्या घराण्यातली मी, म्हणून माझं चुकलेलं चालतं. हे मला तेव्हाही झोंबलं होतं.

"हिची काळजी करू नका," असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. "भावाला झालं म्हणून बहिणीला होतंच असं नाही. बहुतेकांना होत नाही. आणि या मुलीत मला तरी एक खूण दिसत नाही."

यांना तेव्हा नवी गोळी सुरू झाली होती. आवाज थांबले, हे जेवू लागले, माणसं ओळखू लागले. पण हात कापायला लागले आणि चेहरा ताठ झाला. आधी वेड्यासारखा का होईना, हलायचा तरी. आता मी लोणचं नेलं काय आणि न नेलं काय, तोंडावर काही उमटेना. मी डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "गोळीनं चेहरा धरतो. आतलं सगळं तसंच असतं." मी मान डोलावली, पण खरं सांगायचं तर मला ते पटलं नव्हतं.

कल्पनाला स्थळ आलं यशवंतपुराचं. शेषगिरीराव, मूळचे बेळगावकडचे, स्टेशनामागे त्यांची लाकडाची वखार. बंगळुरात नवे, म्हणून आमच्या घरचं जुनं काही त्यांच्या कानावर आलेलं नव्हतं. मुलगा प्राणेश, शांत, बापाच्या शब्दाबाहेर नाही. मुलगी पाहायला आले तेव्हा शेषगिरीरावांनी कल्पनाला सुईत दोरा ओवायला लावला, पेपर मोठ्यानं वाचायला लावला, पंचविसाचा पाढा म्हणायला लावला. डॉक्टरांच्या परीक्षेपेक्षा ही सोपी. फरक इतकाच की तिथं आम्हाला पोहे करावे लागत नव्हते.

मग त्यांनी सरळ विचारलं. "गुंडूराव, राग मानू नका, विचारायची रीत आहे. घराण्यात महारोगी, फेफरेकरी, वेडं, कुणी?"

"कुणी नाही," मामंजी म्हणाले. "एक मुलगा होता, तो कावेरीला मिळाला."

कल्पना खाली मान घालून उभी होती. तिच्या हातातलं पोह्यांचं ताट थरथरलं. शेषगिरीरावांची बायको कौतुकानं म्हणाली, "भावावर जीव होता वाटतं पोरीचा."

लग्न झालं. सासर बरं होतं, हे मी कबूल करते. माणसं वाईट असती तर मला पुढचं सोसायला सोपं गेलं असतं. प्राणेश तिला जपायचा. तिची सासू आंबोडे, म्हणजे डाळवडे, केले की आधी हिच्या पानात वाढायची. दसऱ्याला कल्पना माहेरी आली तेव्हा गुरुवार साधून आम्ही दोघी भावाला भेटून आलो. यांनी तिला ओळखलं. "प्राणेश बरा आहे ना?" असं त्याच ताठ तोंडानं विचारलं. येताना ती वाटभर रडली, आणि बरंच बोलली.

मग आली भाऊबीज. ज्या बाईला भाऊ नाही तिनं त्या संध्याकाळी चंद्राला ओवाळायचं, ही आपली रीत. तिच्या सासूनं मायेनंच तबक तयार करून दिलं. म्हणाली, "चल बाळ, चंद्र दिसला. ओवाळ."

कल्पनानं तबक हातात घेतलं, आणि खाली ठेवलं. "मी चंद्राला ओवाळणार नाही. माझा भाऊ जिवंत आहे."

"असं नाही बोलू."

"जिवंत आहे. दसऱ्यालाच भेटले. माझ्याशी बोलला."

झालं! त्या घरात त्या संध्याकाळी कुणी जेवलं नाही. मेलेला भाऊ सुनेशी बोलतो. इतके दिवस जी मुलगी चार जणींत चार जणींसारखी हसत-रडत होती, तिनं जन्मात पहिल्यांदा आपल्या मनातलं बोलून दाखवलं, आणि त्या एका वाक्यानं ती वेडी ठरली.

दोन दिवसांनी शेषगिरीराव प्राणेशला घेऊन आमच्या ओसरीवर आले. भांडायला नाही, काळजीनं. म्हणाले, "गुंडूराव, मुलगी काहीतरी बोलते. हट्टच धरलाय. तुम्ही बाप आहात, एकदा खरं काय ते सांगा, म्हणजे आम्हाला इलाज करता येईल."

मी आतल्या दाराशी उभी होते. मामंजींच्या एका शब्दाचं काम होतं. तो शब्द सांगितला असता तर ते स्वतः खोटे ठरले असते, पण मुलगी शहाणी ठरली असती. त्यांनी सुपारी कातरायला घेतली. बराच वेळ कातरली.

"भावाचा फार लळा होता," ते म्हणाले. "धक्का बसलाय पोरीला. स्वल्प दिवस जाऊ द्या."

मी पुढं झाले. विधवेनं व्याह्यांसमोर येऊन बोलायचं नसतं, ते मी बोलले. "ती खरं सांगते. हे जिवंत आहेत. इस्पितळात आहेत. मी दर गुरुवारी भेटते."

शेषगिरीरावांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. ओक्याबोक्या हातांची बाई नवरा जिवंत आहे म्हणते. मामंजींनी एक लांब सुस्कारा सोडला. असा सुस्कारा की मलाही क्षणभर माझी दया आली.

"हिचंही तेव्हापासून असंच चाललंय, राव," ते म्हणाले. "काय करता? पदरी पडलं, पवित्र झालं."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी ऐकल्या होत्या. चोर इतक्या हळू, इतक्या दुःखी आवाजात बोंबलतो, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की ती सुपारी त्यांच्या तोंडावर फेकावीशी वाटली. पाहुणे गेल्यावर मी म्हणाले, "मी यांना घेऊन येते. त्यांच्यापुढं उभं करते."

"शास्त्रानं तो मेलाय," मामंजी शांतपणे म्हणाले. "पालाशविधी झालेला माणूस घरात घ्यायचा तर त्याला तुपाच्या घंगाळात बसवून पुन्हा जन्माला घालावा लागतो. जातकर्मापासून मुंज, आणि मग तुझ्याशी पुन्हा लग्न. लोकांना काय सांगू? मुलगा झाला म्हणून पेढे वाटू?"

सासूबाई आमच्याकडे पाठ करून चुलीशी बसल्या होत्या. त्या वळल्या नाहीत. मी पिशवी उचलली तेव्हा त्यांनी लिंबाच्या लोणच्याची बरणी माझ्या बाजूला सरकवली, तेवढंच.

यांना घरी सोडायला डॉक्टर प्रभू कधीचे तयार होते, न्यायला कुणी जात नव्हतं. मी सही केली आणि नवरा बाहेर आणला. इस्पितळाचेच कपडे, पायांत चपला नाहीत. शिवाजीनगरला उतरून त्यांना चपला घेतल्या, स्वतःसाठी कुंकू आणि बांगड्या घेतल्या. बांगडीवालीनं माझा रिकामा हात हातात घेतला, शेजारी उभ्या पुरुषाकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "दुसरं लग्न का, अम्मा?"

"नाही," मी म्हणाले, "पहिलाच नवरा आहे."

यशवंतपुराला पोचेपर्यंत दुपार टळली. वखारीत करवत चालू होती, ती आम्हाला पाहून थांबली. शेषगिरीराव बाहेर आले. मी कुंकू लावलेली, आणि माझ्या शेजारी एक उंच, ताठ माणूस.

"हे विठ्ठलराव," मी म्हणाले. लोकांदेखत मी नवऱ्याचं नाव घेतलं. "गुंडूरावांचे चिरंजीव. विचारा काय विचारायचं ते."

त्यांनी विचारलं. यांनी नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गोत्र सांगितलं. एक अक्षर चुकलं नाही. आतून कल्पना धावत आली आणि उंबऱ्यावर थबकली. मग तिनं कुणाला न विचारता पाट मांडला, तबक आणलं. भाऊबीज उलटून गेली होती, पण तुळशीच्या लग्नापर्यंत चालतं म्हणतात. तिची सासू स्वतः निरांजन लावून घेऊन आली. प्राणेशनं यांना हात धरून पाटावर बसवलं. मला वाटलं, जिंकलो. ज्या मुलीला तीन दिवस वेडी ठरवलं होतं, ती खरं बोलत होती हे आता सगळ्यांना दिसत होतं.

कल्पनानं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळू लागली. निरांजनाचा उजेड यांच्या चेहऱ्यावरून खालीवर फिरत होता. पापणी लवत नव्हती. ओठ हलत नव्हते. गुडघ्यांवर ठेवलेले हात मात्र थरथरत होते. मी पाहिलं, शेषगिरीराव कल्पनाकडे पाहतच नव्हते. ते त्या चेहऱ्याकडे पाहत होते. प्राणेशही तिकडेच पाहत होता, आणि एक पाऊल मागं सरला होता.

"बहीण ओवाळतेय," सासू पुटपुटली, "आणि याच्या तोंडावरची माशी हलत नाही, हो."

कल्पनाचा हात थांबला. ती आश्चर्यानं तिच्याकडे वळली.

"असं काय म्हणता, सासूबाई? अण्णा रडतोय."

यांचे डोळे कोरडे होते, लाकडाच्या धुळीनं लाल झालेले असतील तेवढेच. कल्पनानं एकेकाकडे पाहिलं. "मघापासून रडतोय. तुम्हाला कुणाला दिसत नाही?"

मग ती माझ्याकडे वळली. मी त्या चेहऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या. मला दिसत नव्हतं. मी "दिसतंय" म्हणाले, पण उशिरा म्हणाले, आणि तिनं माझं तोंड माझ्याआधी वाचलं होतं.

शेषगिरीराव चांगले गृहस्थ. आवाज चढवला नाही. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "बाळ, तू आत जा. कपडे भर. काही दिवस वहिनीकडे राहा." मग मला म्हणाले, "भाऊ जिवंत आहे हे तिनं खरं सांगितलं, बाई. पण आता आम्हाला दिसलं ना, हे कुठून आलंय ते. प्राणेश माझा एकटा मुलगा आहे." मी डॉक्टरांचं सांगितलं, चेहऱ्यांच्या फोटोंचं सांगितलं, गोळीचं सांगितलं. ते मान डोलावत ऐकत होते. डॉक्टर प्रभूंना मी जशी मान डोलावली होती, अगदी तशी.

प्राणेशनं तिची ट्रंक जटक्यात, भाड्याच्या घोडागाडीत, ठेवली. तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही. तिनं मात्र त्याच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं, आणि मग पदर ओढून बसली.

जटका स्टेशनवरून निघाला. कुठं जायचं ते मी अजून ठरवलं नव्हतं. चामराजपेटेचं दार आम्हा तिघांनाही उघडणार नव्हतं: एक मेलेला, एक नवऱ्यानं परत पाठवलेली, आणि एक कुंकू लावलेली विधवा. घोडा चालत होता. मधेच हे बोलले, त्याच सपाट आवाजात.

"कल्पी, ओवाळणी राहिली."

आणि इस्पितळाच्या त्या सदऱ्याला खिसा शोधू लागले. त्याला खिसा नव्हता. कापऱ्या हातानं एकदा ही बाजू चाचपली, एकदा ती.

"राहू दे, अण्णा," ती म्हणाली.

मी वळून यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कल्पनाला विचारावंसं वाटलं, आता काय दिसतंय, सांग. विचारलंही. ती रस्त्याकडे पाहत होती. "काही नाही, वहिनी," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं पुन्हा कुणाच्या चेहऱ्याबद्दल एक शब्द काढला नाही.